लवचीक, तंतुमय आणि वादग्रस्त

सरकारी खात्यात हयात गेलेल्या माणसाला एखादं वाक्य वाचून धडकी भरावी, हे तसं नवलच. धडकी भरवणारी वाक्यं लिहिण्याचा पगार आम्हाला मिळायचा. पण २०१७च्या जानेवारीत लेकीकडे मिशिगनला गेलो होतो, तेव्हा नातवानं त्याच्या रोबोट स्पर्धेचं नियमपुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि पहिल्याच प्रकरणात मी अडखळलो. तिथे लिहिलं होतं त्याचा मथितार्थ असा, की या पुस्तकातल्या शब्दांचा जो अर्थ होतो तोच आणि तेवढाच घ्यावा. आमच्या मनात काय असेल याचे तर्क लढवू नयेत. मागच्या वर्षी काय चाललं होतं ते सांगू नये. व्यवहारात कसं असतं तेही सांगू नये. छुपी अट एकही नाही. सगळं वाचलंत की सगळं समजलं.

आमच्याकडे एखाद्या कनिष्ठानं मसुद्यात असं वाक्य घातलं असतं, तर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं असतं. मग लाल शाईनं त्या वाक्यात एक ‘शक्यतो’, एक ‘सर्वसाधारणपणे’ आणि शेवटी ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेच्या अधीन राहून’ असं घालून ते माणसांत आणलं असतं. नियमात थोडी हवा लागते. हवा ठेवली नाही तर लोक खिडकी फोडतात. इथे तर शंभराहून जास्त पानांचं पुस्तक, हवा अजिबात नाही, आणि वाचणारे कोण, तर सोळा-सतरा वर्षांची मुलं. ज्यांना घरात ‘दहा वाजता झोप’ या तीन शब्दांत चार पळवाटा सापडतात, ती.

स्पर्धेचं नाव ‘फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन’. डीन केमन नावाच्या संशोधकानं १९८९ साली ही संस्था काढली आणि १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर गावी, एका शाळेच्या व्यायामशाळेत, २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. २०१७पर्यंत संघ तीन हजारांवर गेले होते. आपल्या मुंबईची मुलंही आता तिथे जातात. दर जानेवारीत एका शनिवारी नवा खेळ सगळ्या जगाला एकाच वेळी सांगतात. त्या वर्षी तो दिवस होता ७ जानेवारी. मग सहा आठवडे आणि वर थोडे दिवस रोबोट बांधायचा, आणि २१ फेब्रुवारीच्या मध्यरात्री तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, क्रमांकाची सीलबंद पट्टी लावून, हात वर करायचे. मनाला येईल तेव्हा पिशवी उघडायची नाही. पिशवी म्हणजे काय, सील म्हणजे काय, मध्यरात्र म्हणजे कुठली मध्यरात्र, यालाही नियम होते. पण आपला विषय दोर.

त्या वर्षीच्या खेळाला ‘स्टीमवर्क्स’ म्हणत. कल्पना अशी की आपण वाफेच्या युगात आहोत, मैदानावर दोन हवाई जहाजं उभी आहेत आणि ती उड्डाणासाठी तयार करायची आहेत. तीन-तीन संघांच्या दोन आघाड्या. प्राथमिक फेरीत आघाडी दर सामन्याला बदलते, सकाळी ज्याच्या खांद्याला खांदा लावला तो दुपारी समोर उभा असतो. हा भाग मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

सामना अडीच मिनिटांचा. पहिली १५ सेकंदं रोबोट आपल्या बुद्धीनं चालतात, पुढे मुलांच्या. मैदानभर पाच इंच व्यासाचे, भोकंभोकं असलेले प्लास्टिकचे शेकडो चेंडू सांडलेले, ते इंधन. मुलांच्या हाती सूत्रं आल्यावर, वरच्या बॉयलरमध्ये तीन चेंडू गेले की एक गुण, खालच्यात नऊ गेले की एक. दुसरं काम दातेरी चक्रं जहाजावर पोचवण्याचं. तिथे पायलट म्हणून दोन मुलं उभी असतात, ती चक्रं बसवून पंखे फिरवतात. पहिल्या पंख्याला एक चक्र, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, चौथ्याला सहा. आणि शेवटच्या तीस सेकंदांत पायलट जहाजावरून दोर खाली सोडतात. रोबोटनं तो धरून वर जायचं, वर टांगलेली तबकडी सेकंदभर दाबून धरायची, आणि भोंगा वाजेल त्या क्षणीही ती दाबलेलीच असायला हवी. याचे गुण ५०.

मी कागदावर हिशेब मांडला. वरच्या बॉयलरच्या भावानं ५० गुण म्हणजे १५० चेंडू. दीडशे चेंडू वेचा, नेम धरा, उडवा, एकही चुकू देऊ नका, तेव्हा कुठे जेवढं पदरात पडतं, तेवढं इथे वेळेवर वरती जाऊन लोंबकळत राहण्याचं मिळतं. आमच्या खात्यात बढत्या याच तत्त्वावर होत असत, त्यामुळे मला खेळ आवडू लागला.

आता दोर. आयोजकांचा दोर मैदानावर असतोच. पण संघाला हवा तर स्वतःचा दोर आणावा अशी मुभा होती, आणि मुभा आली की पाठोपाठ अटी येतात. दोर लवचीक आणि धातूविरहित तंतूंचा असावा. ठरल्यापेक्षा जाड नसावा. वरच्या टोकाला गाठ असावी, कारण जहाजाच्या कडेवरून बाहेर आलेल्या लोखंडी हाताच्या बेचक्यात ती गाठच अडकते आणि सगळा भार पेलते. टोकं उसवू नयेत म्हणून काही करायचं तर करावं, पण तेवढ्यापुरतंच. आणि तपासणीला रोबोटबरोबर दोरही हजर करावा. एवढंच. माझ्या मते अतिशय सुटसुटीत मसुदा. मी नातवाला म्हटलं, “यात विचारण्यासारखं काय आहे? बाजारात जा, दोर आण.”

नातू माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, “आजोबा, तंतू म्हणजे काय?”

त्या शनिवारी संध्याकाळी आमच्या तळघरात दोर उपसमिती बसली. चार मुलं, पिझ्झाचे दोन खोके आणि मी, निमंत्रित सदस्य. उपसमिती हा शब्द माझा. त्यांच्या लेखी ते नुसतेच ‘रोपवाले’ होते. पण कामकाज उपसमितीचंच झालं. एकानं मुद्दा मांडला की प्रवासी बॅगेचा पट्टा नायलॉनच्या तंतूंचा विणलेला असतो, लवचीक असतो, धातू नसतो. म्हणजे पट्टा हा दोर आहे. दुसरा म्हणाला, मग बुटाची नाडीही दोर आहे. हरकत कुणाची? कुणाची नाही. मग चामड्याची पट्टी? चामडं हेही मुळात तंतूंचंच बनलेलं, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतं. फक्त विणलेलं नसतं. पण नियमात नेमकं काय लिहिलंय? सगळ्यांनी पान उघडून पाहिलं. तेवढ्यात कुणाला तरी सुचलं की माणसाचा केस लवचीक आहे, तंतू आहे आणि धातूचा नाही. मग तिघं त्या चौथ्या मुलीच्या कमरेपर्यंतच्या वेणीकडे बघू लागले. ती शांतपणे म्हणाली की लांबी पुरणार नाही. कायद्याचा मुद्दा तिनंही काढला नाही, हे मी टिपून ठेवलं.

हे सगळं खुसपट वाटेल. मलाही वाटलं, कारण मी रोबोट दोर कसा चढतो हे पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर दोरीचा मल्लखांब होता. ती सुती दोरी, एकही गाठ नसलेली, आणि पायाचा अंगठा व शेजारचं बोट यांच्या फटीत ती पकडून सरसर वर जाणारा पोरगा. रोबोटला अंगठा नाही. किंबहुना तो चढतच नाही, तो दोर गिळतो. त्याच्या अंगावर एक आडवा रूळ असतो, तो मोटरनं फिरतो, दोर रुळावर गुंडाळला जातो आणि जसजसा दोर पोटात जाईल तसतसा रोबोट वर उचलला जातो. रोबोटचं वजन त्या वर्षी १२० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ५४ किलो. बॅटरी आणि भोवतीचे धक्कारोधक यात धरत नाहीत, ते धरले की एका खात्यापित्या घरच्या गृहस्थाएवढं ओझं होतं. ते उचलायला मोटर समर्थ असते. अडचण उचलण्याची नाहीच.

अडचण पहिल्या वेढ्याची. दोर मोकळा लोंबतोय, वाऱ्यानं नाही तरी मुलांच्या उत्साहानं हलतोय. रोबोट येऊन त्याला धडकतो. रूळ फिरतोय, पण दोर त्याला नुसता चाटून जातो. गुळगुळीत रुळाला गुळगुळीत दोर कशाला चिकटेल? एकदा का दोन वेढे बसले की घर्षण बाकीचं बघून घेतं. पण पहिला वेढा बसवायचा कुणी? मैदानात जाऊन दोराचं टोक रोबोटच्या हातात देता येत नाही. आणि शिल्लक असतात तीस सेकंदं, त्यातली दहा दोरापर्यंत पोचण्यात गेलेली.

म्हणून मग दोराला गाठी मारायच्या आणि रुळाला खाच ठेवायची, गाठ खाचेत अडकली की झालं. किंवा दोराला फासे ठेवायचे आणि रुळाला आकडे. किंवा त्या वर्षी अनेक संघांनी केलं ते वेल्क्रो. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना वेल्क्रो माहीत आहे. ते बूट काढताना होणाऱ्या आवाजावरून ओळखतात. १९४०च्या दशकात जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आला, तर त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना एका झुडपाची काटेरी बोंडं चिकटलेली. आपण गवतातून आलो की धोतराची कुसळं शिव्या घालत वेचून फेकतो. त्यानं ती बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला इवलासा आकडा. पुढे त्यातून एक आकड्यांची पट्टी आणि एक फाशांची पट्टी निघाली, पेटंट निघालं, आणि शेवटी ते सगळं आमच्या तळघरात येऊन पोचलं. रुळावर आकडे, दोरावर फासे. स्पर्श झाला की चिकटलंच.

आता बघा नियमाची गंमत. रुळावरचे आकडे रोबोटचा भाग आहेत, तिथे प्लास्टिक चालतं, काहीही चालतं. दोरावरची फाशांची पट्टी मात्र दोराचा भाग, आणि दोराला ‘तंतू’ची अट. फासे म्हणजे तंतूच, नायलॉनचे. पण बाजारात मिळणाऱ्या पट्टीच्या पाठीमागे गोंद असतो. गोंद तंतू आहे का? अर्धा तास चर्चा झाली. गोंद सुकल्यावर लवचीक असतो, धातूविरहित असतो, पण तंतू? वेणीवाल्या मुलीनं निकाल दिला: गोंदाशिवायची पट्टी आणायची आणि शिवायची. कारण शिवायचा दोरा हा निर्विवाद तंतू. तिला शिवण येत होतं. आमच्या लेकीचं शिलाई मशीन, जे लग्नात आलं होतं आणि ज्यावर तोपर्यंत फक्त कुंड्या ठेवल्या जात, ते त्या रात्री पहिल्यांदा चाललं. बॅगेच्या पट्ट्यावर वेल्क्रोच्या फाशांची पट्टी, दुहेरी टीप घालून. वापरलेला दोरा पॉलिएस्टरचा आहे की नाही हे रिळावर वाचून खात्री केली गेली. मी खात्यात सिमेंटच्या पुलाच्या फायली एवढ्या काळजीनं तपासलेल्या पाहिल्या नाहीत.

या मुलांनी न सांगता जे केलं ते मला मध्यरात्री पाणी प्यायला उठल्यावर उमगलं. रोबोटच्या वजनाला मर्यादा, त्याच्या आकाराला मर्यादा (त्या वर्षी दोन पेट्यांपैकी एकीत तो मावला पाहिजे, असा नियम होता), त्याच्या खर्चालाही ४,००० डॉलरची मर्यादा. दोर मात्र रोबोटच्या वजनात धरायचा नव्हता. मग डोकं रोबोटमध्ये कशाला घालायचं? दोरात घाला! रोबोट मठ्ठ राहिला तरी चालेल, दोर हुशार पाहिजे. नियम करणाऱ्यांनी मुलांना दोर आणायला सांगितला आणि मुलांनी अर्धं यंत्र दोरात शिवून आणलं, सगळं काटेकोर शब्दांच्या आत राहून. इतकी वर्षं ठेकेदार हेच करताना पाहिले, पण त्यांच्या कामाची टीप दुहेरी नसायची.

शंका आलीच तर विचारायची सोय आहे. प्रश्न लेखी पाठवायचा, उत्तर लेखी येतं. पण त्यात दोन मेख आहेत. पहिली, ते तुमची रचना चालेल की नाही हे सांगत नाहीत; फक्त नियमाचा अर्थ सांगतात. ‘आमच्या दोराचं चित्र सोबत जोडलं आहे, चालेल का?’ असं विचारलं तर उत्तर येतं की नियम वाचा. म्हणून मुलं काल्पनिक प्रश्न घडवतात. समजा एक दोर असेल. समजा त्याला दुसरी एक तंतुमय वस्तू तंतूनं जोडलेली असेल. अशा दोराला दोर म्हणणं अमुक कलमाशी सुसंगत ठरेल का? त्या आठवड्यातले मुलांचे प्रश्न मी वाचले आणि विधानसभेतला प्रश्नोत्तराचा तास आठवून मला भरून आलं.

दुसरी मेख जास्त खोल. प्रश्न आणि उत्तर दोन्ही जगजाहीर. तुम्ही वेल्क्रोबद्दल विचारलंत, की तीन हजार संघांना कळलं की वेल्क्रो नावाची काहीतरी भानगड आहे. शिवाय उत्तर ‘नाही’ आलं तर हातातलं गेलं. न विचारता गेलात, तर निदान तपासणीच्या टेबलावर वाद घालता येतो. उपसमितीत यावर मत द्यायला मला सांगितलं गेलं. माझ्या सबंध सेवेतलं सगळ्यात मौल्यवान ज्ञान मी त्या पोरांना फुकट दिलं: “परवानगी मागू नये, मागितली की कुणाला तरी नाकारण्याची आठवण होते.” चौघांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्यांचे मार्गदर्शक, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गोरे इंजिनिअर, हे ऐकून इतके हसले की मला कळलं, तिथंही खाती असतात.

तरी नियम गप्प बसत नाहीत. हंगाम चालू असताना मंगळवारी आणि शुक्रवारी नवं पत्रक येतं. आमच्या भाषेत शुद्धिपत्रक. कुठे एक शब्द बदललेला, कुठे स्वल्पविराम गेलेला, कुठे एखाद्या संघाच्या सात रात्रींच्या कामाखालची सतरंजी ओढलेली. मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नसे. पत्रक यायचं, नातू ते वरून खाली वाचायचा, आणि ‘रोप’ हा शब्द दिसला नाही की मगच पोळीचा तुकडा मोडायचा.

या मंडळींना शब्दांचं वेड दोरापुरतं आहे असं समजू नका. रोबोटच्या भोवती जे धक्कारोधक बांधायचे, त्यांचं वर्णन वाचताना मला आपली सार्वजनिक बांधकामाची दरसूची फिकी वाटली. पाऊण इंची प्लायवुड, त्यावर एकावर एक दोन फोमच्या नळ्या. पोहायला शिकणारी मुलं पाण्यात ज्या रंगीत नळ्या धरतात ना, त्याच. त्यावर मजबूत कापड. आणि मजबूत कापड म्हणजे काय, यावर त्यांच्या अलीकडच्या पुस्तकांत एक खुलासा आहे, की रेशीम आणि अंथरुणाचं कापड मजबूत धरलं जाणार नाही. हा खुलासा मी दोनदा वाचला. खुलासे हवेतून पडत नसतात. प्रत्येक खुलाशामागे एक माणूस असतो. म्हणजे कुठेतरी, कधीतरी, एका संघानं रात्री अडीच वाजता कापड संपल्यावर आईचा पलंगपोस ओढून रोबोटला गुंडाळला असणार, असं मला तरी वाटतं. रेशमाचं काय झालं असेल, त्याची कल्पना करायला मी धजत नाही.

शब्दांच्या आत राहून आभाळ फाडण्याची त्यांची परंपरा जुनी आहे. २००२ साली इंडियानातल्या हॅमंडच्या संघानं रोबोटला पाय लावले आणि पायांच्या तळव्यांना कानशी साफ करायचे तारांचे ब्रश. मैदानावर गालिचा. ब्रश गालिच्यात रुतायचे आणि तो रोबोट तिन्ही गोलपोस्ट कवटाळून इंचाइंचानं सरकत जायचा. ढकलून त्याला कुणी हलवू शकेना. संघ त्या वर्षी अजिंक्य संघांत होता. २०११ साली एका छोट्या रोबोटनं खांबावर चढायचं होतं आणि त्यात वापरायच्या सामानाच्या यादीत, मोटरी मोजून-मापून ठरवून दिलेल्या, आणि शेजारीच घरातलं साधं दिव्याचं बटण. अनेक छोट्या रोबोटांचा मेंदू म्हणजे तेवढं एक बटण होतं, जे भिंतीवर असताना कुणाला आपल्या क्षमतेची कल्पना देत नाही. आणि २०१५ साली आकाराच्या नियमात सामना सुरू झाल्यावर पसरण्याला हद्द नव्हती, म्हणून टेक्सासमधल्या एका नामांकित संघानं एकच रोबोट दोन तुकड्यांत आणला, मध्ये नुसती दोरी बांधून. एका तुकड्यानं काम करायचं, दुसऱ्यानं उतरण म्हणून पडून राहायचं. त्यांना कुणी ‘हे दोन रोबोट आहेत’ म्हणेल तर दोरी दाखवायची.

याच स्पर्धेत दुसरंही एक तत्त्व रोज सांगितलं जातं. एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लावर्स यांनी रुजवलेलं: जिंकण्यासाठी जिवाचं रान करा, पण समोरच्याशी सभ्यपणानं वागा, त्याला लागेल ती मदत करा. नियमांचा कीस पाडणं आणि सभ्यपणा यांचं एका छपराखाली कसं जमतं, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर तपासणीच्या टेबलावर मिळालं.

स्पर्धा एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत होती. तपासनीस हे सगळे स्वयंसेवक, कामावरून रजा घेऊन आलेले. आमच्या टेबलावर आलेल्या बाईंच्या हातात मोजपट्टी, टॉर्च आणि कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी दोर हातात घेतला. ओढला. वाकवला. टीप बघितली. वेल्क्रोवर बोट फिरवलं. नातवानं लगेच पान उघडून कलमावर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, ते मला पाठ आहे. मग त्यांनी दोराचं खालचं टोक उचललं. तिथे मुलांनी, उसवू नये म्हणून, चिकटपट्टी गुंडाळली होती. जरा सढळ हातानं गुंडाळली होती. पट्टीचा तेवढा भाग कडक झाला होता आणि कडक टोक रुळाच्या खाचेत छान शिरत होतं, हा निव्वळ योगायोग, असं चौघांचे चेहरे सांगत होते.

बाई गालात हसल्या. “उसवू नये म्हणून?” 

“हो.”

“एवढी?”

चौघं गप्प. मला वाटलं आता पंचनामा, जबाब, खुलासा मागवणं. बाईंनी खिशातून कात्री काढून त्यांच्याच हातात दिली आणि सांगितलं की बोटभर ठेवा, बाकी सोला, मी इथेच थांबते. आमच्याकडे तपासनीस त्रुटी काढायला येतो आणि निघताना ती पेटीत कुलूपबंद ठेवतो, पुढच्या वर्षी लागेल म्हणून. या बाईंना दोर नापास करायचा नव्हताच. त्यांना रोबोट मैदानात हवा होता. दहा मिनिटांत सही झाली.

पहिल्या सामन्यात शेवटच्या तीस सेकंदांत पायलटनं दोर सोडला, रोबोट येऊन त्याला भिडला, ‘चर्र’ असा वेल्क्रोचा आवाज आला, आणि ते सगळं धूड जमिनीवरून उचललं गेलं. मी उभा राहिलो. माझ्या शेजारची अमेरिकन आजीही उभी राहिली. तिचा नातू विरुद्ध आघाडीत होता हे नंतर कळलं. तबकडीचा दिवा लागला, भोंगा झाला, ५० गुण.

मग कळलं की खाली उतरण्याचा विचार उपसमितीत झालाच नव्हता. भोंगा झाला की मोटरांची वीज जाते. तेव्हा रोबोट धपकन खाली येऊ नये म्हणून रुळाला एकाच दिशेनं फिरणारी दातेरी कळ बसवलेली. ती कळ उत्तम काम करत होती. रूळ उलटा फिरेना. वेल्क्रोही उत्तम काम करत होतं. चार मुलांनी रोबोट खांद्यावर उचलून धरला, पाचवा वेढे सोडवू लागला, ‘चर्र, चर्र’ करत, आणि पुढचे सहा संघ आपापल्या ढकलगाड्या घेऊन मैदानाच्या दारात उभे. शेवटी वरची गाठ बेचक्यातून काढून दोरासकट रोबोट बाहेर आणला. दोराचं शेपूट पूर्ण मार्गावर लोळत होतं.

ते सोडवून होत नाही तोच शेजारच्या संघातल्या दोन मुली आल्या. त्यांचा दोर त्यांच्याच रोबोटनं चावून टाकला होता, पुढचा सामना वीस मिनिटांवर. तुमचा देता का? नातवानं क्षणाचाही विचार न करता दोर पुढे केला. पुढच्याच सामन्यात त्या मुली विरुद्ध आघाडीत होत्या, हे त्याला माहीत होतं. दोर त्यांच्या हातात गेला, थँक्यू झालं, आणि त्यातली एक जायला वळता वळता थबकली.

“पण हा तुमच्या नावावर तपासलेला आहे,” ती म्हणाली. “आमच्या नावावर चालेल?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच जणांनी एकदम फोन काढले, नियमपुस्तक उघडलं. कुणी ‘दोर’ शोधत होतं, कुणी ‘संघ’, कुणी ‘तपासणी’. दोर पुन्हा तपासायचा, की तपासलेला दोर तपासलेलाच राहतो? दोर संघाचा असतो, की सामन्याचा? उसना दोर आणि बक्षीस दिलेला दोर यात फरक आहे का? घड्याळात अठरा मिनिटं उरली होती. मग नातवाचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि बाकीच्यांचंही.

“आजोबा,” तो म्हणाला, “तुमच्या ऑफिसमध्ये अशा वेळी काय करायचे?”

मी म्हटलं, “पळत जा आणि त्या कात्रीवाल्या बाईंकडून लेखी घ्या.”